बीपीची गोळी चालू आहे, पण लघवी तपासली का?

मी डायलिसिस विभागात सिस्टर आहे. नवीन पेशंट आला की मी बीपीचं विचारते, आणि फार वेळा उत्तर येतं, "होतं थोडं, पण त्रास काही नव्हता. मग नॉर्मल आलं, म्हणून गोळी सोडली." अहो, गोळी चालू होती म्हणूनच ते नॉर्मल आलं होतं! तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी थांबवू नका, आणि संपायच्या आधीच पुढची पट्टी आणून ठेवा.

एकेका किडनीत सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. वाढलेल्या दाबाने त्या खराब होत जातात, पण दुखत काहीच नाही. किडनीसाठी करतात त्या क्रिएटिनिन या एकट्या रक्ततपासणीवरही विसंबू नका. किडनीचं निम्मं काम गेलं तरी ते कधीकधी नॉर्मल दिसतं. त्याच्या बरंच आधी लघवीतून अल्ब्युमिन नावाचं प्रथिन जायला लागलेलं असतं. म्हणून वर्षातून एकदा क्रिएटिनिनसोबत 'युरिन एसीआर' ही तपासणी डॉक्टरांकडून लिहून घ्या. सकाळची पहिली लघवी द्यावी. आकडा 30 mg/g च्या वर आला तर तपासणी पुन्हा करतात. प्रथिन खरंच जात असेल तर टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिलसारखं औषध बहुधा देतात, कारण ते बीपीबरोबर किडनीही सांभाळतं. ते सुरू झाल्यावर एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघायचं असतं. तेवढ्यासाठी पुन्हा लॅबमध्ये जायचा कंटाळा करू नका.

गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून परस्पर आणलेल्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनच्या गोळ्या बीपीही वाढवतात आणि किडनीलाही इजा करतात. घरातल्या आजी-आजोबांच्या औषधांचा डबा आजच उघडून बघा.

मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर. लोणचं, पापड, फरसाण, सुकट सगळं त्यातच धरून. 'लो सोडियम' मिठात पोटॅशियम असतं, त्यामुळे किडनीचा आजार असेल किंवा टेल्मिसार्टन, रामिप्रिलसारखी औषधं चालू असतील तर ते डॉक्टरांना विचारूनच वापरा.

घरी दंडाला बांधायचं मशीन घ्या, मनगटाचं नको. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं शांत बसा. चहा आधी अर्धा तास नको, आणि लघवीला जाऊन या. पट्टा उघड्या दंडावर, हृदयाच्या उंचीला. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि वहीत लिहा. घरचा आकडा सतत 135/85 किंवा त्याहून जास्त येत असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा.

मेंदूच्या खोल भागातल्या बारीक रक्तवाहिन्याही अशाच बिघडतात. काहींची स्मरणशक्ती हळूहळू कमी होते, काहींना अचानक लकवा होतो. तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर लगेच 108 ला फोन करा आणि त्रास किती वाजता सुरू झाला ते लिहून ठेवा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही सीटी स्कॅन पाहून. वाटेत पाणी पाजू नका, ठसका लागून ते फुप्फुसात जातं. बीपीची गोळी जिभेखाली तर मुळीच ठेवू नका. दाब एकदम उतरला तर मेंदूला होणारा रक्तपुरवठा आणखी घटतो. तुमच्या जवळ रात्रीही सीटी स्कॅन होणारं रुग्णालय कोणतं, हे याच आठवड्यात विचारून घरच्यांना सांगून ठेवा.