घरातल्या घरात फाइल पाठवायला एवढा वेळ का लागतो?

खाली कारखाना, वर बिऱ्हाड अशी घरं सोलापूरच्या पूर्व भागात पुष्कळ. खालच्या कॉम्प्युटरवर टॉवेलची डिझाइनं, वर लॅपटॉप, मध्ये एक राउटर. २० जीबीचा लग्नाचा व्हिडिओ वरून खाली यायला अर्धा तास लागला, की सगळे इंटरनेटवाल्याला बोल लावतात. त्या बिचाऱ्याचा इथे संबंधच नाही. ही फाइल घराबाहेर जातच नाही, त्यामुळे महागडा प्लॅन घेऊनही फरक पडणार नाही.

आधी एकच मोठी फाइल कॉपीला लावा आणि वेग बघा. तो सेकंदाला ११-१२ एमबीवर अडून बसला असेल, तर निम्मं निदान झालं. विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधून नेटवर्क, मग इथरनेट उघडा. लिंक स्पीड १०० एमबीपीएस दिसेल. हे मेगाबिट, आठाने भागलं की साडेबारा एमबी. तिथे १००० दिसायला हवं.

बहुतेक वेळा दोष केबलचा असतो. आत आठ तारा असतात. १०० च्या वेगाला चारच पुरतात, १००० ला आठही लागतात. त्यामुळे उरलेल्या चारांपैकी एखादी तार तुटली तरी नेट चालू राहतं आणि कुणाला शंकाही येत नाही. कनेक्टर उजेडात धरा: आठही रंगीत तारा पार टोकापर्यंत, पिनांखाली पोचल्यात का? दाराच्या फटीत केबल चेपली आहे का? शंका असेल तर स्वतः क्रिम्पिंग, म्हणजे तारांवर नवा कनेक्टर दाबून बसवणं, करत बसू नका, कॅट ५ई किंवा कॅट ६ची तयार केबल आणा.

केबल चांगली निघाली तर राउटरची माहिती वाचा. लॅन पोर्ट (केबल लावायच्या खाचा) १०/१०० चे, म्हणजे १०० एमबीपीएसलाच थांबणारे असतील, तर अडथळा तिथे आहे; तरी राउटर बदलायची गरज नाही. पाच पोर्टचा गिगाबिट स्विच, म्हणजे १००० एमबीपीएसने केबली एकमेकींना जोडणारा डबा, घ्या, दोन्ही कॉम्प्युटर त्यात जोडा आणि स्विचमधून एक वायर राउटरला द्या.

दोन्ही मशीन वायफायवर असतील तर तीच फाइल हवेतून दोनदा जाते आणि वेग साधारण निम्म्यावर येतो. निदान एकाला तरी वायर लावा. वायफायचा ५ गिगाहर्ट्झ बँड वेगवान खरा, पण जुन्या घरांच्या जाड दगडी भिंतींपुढे त्याचं फारसं चालत नाही.

हजारो छोटे फोटो असतील तर आधी झिप करा, म्हणजे सगळे एकाच फाइलमध्ये बांधा.

आणि लिंक १००० दाखवत असूनही वेग ३०-४० एमबीच असेल, तर फाइल यूएसबी २ च्या पोर्टला लावलेल्या डिस्कवर तर जात नाही ना, ते बघा.