म्हातारं मधुमेही मांजर जेवत नाही? निदान या चुका टाळा

बारा-तेरा वर्षांचा बोका, दिवसातून दोनदा इन्शुलिन, आणि आज त्याने वाडगीला तोंडच लावलेलं नाही. सिरिंज भरून तयार आहे. टोचायचं की नाही? मधुमेही मांजरांच्या घरात सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, आणि तो दोन्ही बाजूंनी होतो. कुणी 'डॉक्टरांनी दोन वेळा सांगितलंय' म्हणत रिकाम्या पोटी पूर्ण डोस टोचून मोकळं होतं, तर कुणी धसका घेऊन तीन-तीन दिवस इन्शुलिनच बंद ठेवतं.

माझ्या मते म्हाताऱ्या मांजराच्या बाबतीत क्रम ठरलेला असावा: आधी पोट, मग शुगर. शुगर दोन-चार दिवस २५०-३०० च्या आसपास राहिली म्हणून, खाऊन-पिऊन असलेलं मांजर लगेच दगावत नाही. उपाशीपोटी पूर्ण इन्शुलिन गेलं, तर काही तासांत जिवावर बेतू शकतं.

टोचून मग वाडगी ठेवणं

वाडगी आधी ठेवायची, मांजर खातंय हे डोळ्यांनी बघायचं आणि मगच सुई हातात घ्यायची. घरात दोन-तीन मांजरं असतील तर या म्हाताऱ्याला वेगळ्या खोलीत जेवू घाला. रिकामी वाडगी बघून 'जेवला वाटतं' असं आपण समजतो आणि पाऊच धाकट्या मांजरीने फस्त केलेलं असतं.

अर्धंच खाल्लं तर किती युनिट आणि काहीच नाही खाल्लं तर काय करायचं, हे तब्येत बरी असतानाच डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून फ्रिजला लावा. ते ठरलेलं नसेल आणि मांजराने काहीच खाल्लं नसेल, तर पूर्ण डोस देऊ नका. शुगर मोजा आणि फोन करा. एखादा डोस चुकल्याने सहसा मोठं नुकसान होत नाही. टोचताना इन्शुलिन केसांवर सांडलं असं वाटलं, तरी पुन्हा टोचायचं नाही. पुढच्या वेळेपर्यंत थांबायचं.

शुगर खूप खाली गेली की मांजर झोकांड्या खातं, नजर हरवल्यासारखी होते, वेगळ्याच आवाजात ओरडतं, अंग थरथरतं, कधी झटके येतात. अशा वेळी मध किंवा पाण्यात कालवलेली ग्लुकोज पावडर बोटाने हिरड्यांवर चोळा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही ओतू नका, ते फुप्फुसात जातं. जरा हुशारी आली तरी दवाखाना टाळायचा नाही, कारण इन्शुलिनचा असर अजून संपलेला नसतो.

उलट बाजूही तेवढीच धोक्याची आहे. मांजर जेवत नाही, उलट्या करतंय, मलूल पडलंय आणि शुगर मात्र चढलेली आहे, तर किटोन, म्हणजे इन्शुलिन अपुरं पडल्यावर शरीर चरबी जाळू लागलं की तयार होणारे आम्लधर्मी घटक, तयार होत असण्याची शक्यता असते. तेव्हा इन्शुलिन दिवसेंदिवस बंद ठेवणं म्हणजे आगीत तेल. लघवीतले किटोन दाखवणाऱ्या पट्ट्या औषधाच्या दुकानात मिळतात. लघवी मिळवायला जुनी स्टीलची पळी पुरते. मांजर मातीच्या ट्रेमध्ये बसलं की मागून अलगद खाली सरकवायची. पहिल्या दिवशी ते रागाने बघेल, नंतर सवय होते. पट्टीचा रंग बदलला, तर सकाळ व्हायची वाट न बघता रात्रीच निघा.

सिरिंजच्या टोपीचा रंग न बघणं

आपल्याकडे माणसांचं इन्शुलिन मुख्यतः दोन ताकदींत मिळतं, ४० युनिट प्रति मिली आणि १०० युनिट प्रति मिली. सिरिंजही दोन प्रकारच्या. लाल टोपीची ४० साठी, केशरी टोपीची १०० साठी. मांजरांना बऱ्याचदा दिलं जाणारं ग्लार्जिन हे १०० चं असतं. ते लाल टोपीच्या सिरिंजमध्ये एका रेघेपर्यंत भरलं, तर प्रत्यक्षात अडीच युनिट जातं. मांजराचा सुरुवातीचा डोस पुष्कळदा अवघा एक युनिट असतो, त्यामुळे ही चूक किती महागात पडेल ते कळेल. काउंटरवर 'इन्शुलिनची सिरिंज द्या' एवढं म्हणू नका. बाटली सोबत न्या आणि आकडे जुळवून घ्या. अर्ध्या युनिटच्या रेघा असलेली मिळाली तर उत्तमच.

बाटली फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवायची. बर्फाच्या कप्प्याजवळ ठेवून एकदा गोठली की फेकूनच द्यायची.

'नखरे चाललेत' म्हणून सोडून देणं

उपचार सुरू नसलेल्या मधुमेही मांजराला सहसा खा-खा सुटलेली असते. त्यामुळे अशा मांजराची भूक गेली, तर मधुमेहाच्या जोडीला दुसरं काहीतरी आहे असंच धरून चाला. स्वादुपिंडाची सूज मधुमेहासोबत वरचेवर दिसते. या वयात किडनी थकलेली असते, दात किडलेले किंवा हिरडीतून झिजलेले असतात, बद्धकोष्ठ असतो, लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग असतो.

मांजर खाण्यापाशी कसं वागतं, यावरून बराच अंदाज येतो. वाडगीपाशी येतं, वास घेतं, ओठ चाटतं आणि तोंड फिरवतं, तर ती मळमळ. भूक आहे, घास उचलतं, पण तो खाली पडतो किंवा डोकं एका बाजूला वाकवून चावतं, तर तोंड बघा. वाडगी उंच ओट्यावर किंवा लांबच्या बाल्कनीत असेल, तर कदाचित सांधेच दुखत असतील. मागच्या पायांच्या टाचा टेकवून चालत असेल, तर तो बेकाबू शुगरचा नसांवर झालेला परिणाम असू शकतो. याचा एक छोटा व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा. दवाखान्यात गेल्यावर मांजर यातलं काहीएक करून दाखवत नाही.

किती वाट बघायची? निरोगी तरुण मांजराला एक दिवस सूट देता येईल, मधुमेही म्हाताऱ्याला नाही. मांजर, त्यातही जाडं मांजर, दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की शरीरातली चरबी यकृतात साठू लागते आणि यकृत निकामी व्हायला लागतं. हिरड्या किंवा कानाची आतली बाजू पिवळट दिसली, तर उशीर झालेला आहे असं समजा.

भूक वाढवायच्या नादात

इथे हौसेने केलेल्या चुकाच जास्त. 'ताकदीचं इंजेक्शन द्या' असा हट्ट धरू नका. त्यात स्टेरॉइड असेल तर भूक वाढेल, पण शुगरही सुसाट सुटेल. आधी मळमळ थांबवायची, मग लागलंच तर भुकेचं औषध, आणि दोन्ही डॉक्टरांच्या हातून. कारलं, मेथी, जांभळाच्या बियांची पूड यांतलं मांजराला काही देऊ नका. हा पक्का मांसाहारी प्राणी आहे. कडू चव लागली की खाण्यावरचा उरलासुरला विश्वासही उडतो. याच कारणाने औषध जेवणात कालवू नये.

आजोबांच्या शुगरच्या गोळ्यांना तर हात लावू नका. अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये मांजरांसाठी बेक्साग्लिफ्लोझिन नावाच्या गोळीला मंजुरी मिळाली. तेव्हापासून तिकडे राहणारे नातेवाईक 'सुया कशाला टोचता' असं विचारू शकतात. ती गोळी आधी इन्शुलिन न घेतलेल्या, एरवी निरोगी आणि नीट जेवणाऱ्या मांजरांसाठी आहे. न जेवणाऱ्या मांजरात या वर्गातल्या गोळीने शुगर जवळपास नॉर्मल दिसत असतानाही किटोन वाढू शकतात. म्हणजे मीटर बघून आपण निश्चिंत आणि मांजर आतून ढासळतंय.

मग खायला काय द्यायचं? खाईल ते, पण शहाणपणाने. चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० कॅलरी लागतात आणि ८५ ग्रॅमच्या पाऊचमध्ये बहुधा ६० ते ८० असतात. अर्धा पाऊच चाटला म्हणून समाधान मानू नका. ओलं खाणं कोमट करून द्या, वास सुटला पाहिजे. घट्ट ग्रेव्हीच्या पाऊचमध्ये पिष्ट जास्त असू शकतं, जेलीचं किंवा वाटणासारखं बरं. उकडलेलं चिकन, काटे काढलेली मांदेली किंवा बांगडा, तोही बिनमिठाचा, दोन-तीन दिवस चालेल. महिनोन्महिने त्यावरच ठेवू नका, कॅल्शियमसारख्या गोष्टी कमी पडतात. आपल्या रश्श्यातला तुकडा धुऊन देणंही नको. कांदा-लसूण मांजराच्या रक्तपेशी फोडतात आणि धुतल्याने ते जात नाहीत. महागडं डायबेटिक खाणं ते खात नसेल, तर डॉक्टरांना तसं सांगा. पोटात गेलेलं साधं पाऊच हे वाडगीत सुकलेल्या स्पेशल पाऊचपेक्षा कधीही चांगलं.

एका वेळी पाच वाडग्या मांडू नका. मळमळत असताना समोर आलेल्या पदार्थाचीच मांजराला कायमची शिसारी बसते. धरून, तोंड उघडून सिरिंजने भरवण्याचंही तेच, शिवाय घास श्वासनलिकेत जायची भीती.

फक्त दवाखान्यातल्या आकड्यावर डोस वाढवणं

पिंजरा, रिक्षा, शेजारी भुंकणारा कुत्रा. एवढ्याने निरोगी मांजराची शुगरही ३०० पार जाऊ शकते. घरी कानाच्या कडेला टोचून मोजलेले आकडे किंवा मागच्या दोन-तीन आठवड्यांचा अंदाज देणारी फ्रुक्टोसामिन तपासणी जास्त भरवशाची. माणसांचं ग्लुकोमीटर मांजराची शुगर सहसा खऱ्यापेक्षा कमी दाखवतं, म्हणून कोणतं मीटर वापरता ते डॉक्टरांना सांगा. काही मांजरांचा मधुमेह उपचारांनी ओसरतोही. जेवण घटलेलं, शुगर उतरणीला आणि डोस मात्र जुनाच, ही जोडी वाईट.

वजन दर आठवड्याला करा. मांजराला घेऊन काट्यावर उभं राहायचं आणि त्यातून आपलं वजन वजा करायचं. माणसांच्या काट्यावर शे-दोनशे ग्रॅम कळत नाहीत, बाळांचा काटा मिळाला तर बरं. चार किलोतले चारशे ग्रॅम गेले, तर आपल्या साठ किलोतले सहा गेल्यासारखं आहे.

नळीला उगाच भिणं

मानेच्या बाजूने अन्ननलिकेत घालायची नळी म्हटलं की घरचे 'नको, हाल नको' म्हणतात. थोड्या वेळाची भूल देऊन ती बसवतात आणि मग अन्न, पाणी, औषध सगळं तिच्यातून घरच्या घरी देता येतं. नळी असतानाही मांजर तोंडाने खाऊ शकतं. पोटात नेमकं किती गेलं हे मोजता येत असल्याने इन्शुलिनचा डोस ठरवणंही सोपं होतं. भूल झेपेल का, हे किडनी आणि हृदय बघून डॉक्टर ठरवतील. पण हा विषय त्यांनी काढायची वाट बघू नका. दोन दिवस जेमतेम खाणं झालं की तुम्हीच विचारा. आठवडाभर उपाशी राहिलेल्या मांजराला भूल देणं त्यांच्यासाठीही अवघड होऊन बसतं.