गारठ्यापेक्षा दहिवर वाईट: कॅरॅव्हॅनमधल्या हिवाळ्यात या चुका टाळा

पहिल्या हिवाळ्यात डिसेंबरमधल्या एका पहाटे कपाळावर टपकन थेंब पडला. छत गळतंय म्हणून टॉर्च घेऊन शिडीवर चढलो. वर दहिवर साचलं होतं, बाकी छत ठणठणीत. खाली येऊन पाहतो तर खिडकीच्या काचा, स्कायलाइटची चौकट, पलंगामागचा पत्रा, सगळ्यांना घाम फुटलेला. छत गळत नव्हतं. रात्रभर आम्हा दोघांच्या श्वासातून निघालेलं पाणीच परत आमच्या अंगावर पडत होतं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी असे तीन हिवाळे मी आणि सौ. कॅरॅव्हॅनमध्ये राहिलो. गाडीमागे जोडून ओढायची, एका अ‍ॅक्सलची, दोन माणसांपुरती. दोन मोसम नाशिकजवळ गिरणाऱ्याकडे मावसभावाच्या मळ्यात, आणि एक मोसम पक्ष्यांच्या हौसेपायी नांदूर मध्यमेश्वराच्या बाजूला. निघण्यापूर्वी मी परदेशी व्हिडिओ पोटभर पाहिले होते, आणि माझ्या निम्म्या चुका त्यांच्यामुळेच झाल्या. ब्रिटन-जर्मनीकडे कॅरॅव्हॅनवाल्याची झोप उडते ती पाणी गोठण्याच्या भीतीनं: पाइप फुटतात, टाक्या रिकाम्या कराव्या लागतात, गॅस बसतो. आपल्याकडे दुपारी २८-३० अंश आणि पहाटे ८-१०. निफाडकडे थंडीची लाट आली की पाचाच्याही खाली. पाइप काही गोठत नाहीत. पण चोवीस तासांत वीस अंशांचा झोका बसतो, आणि सगळी दुखणी त्या झोक्यातून निघतात.

फटी बुजवून बसणं

थंडी वाजली की हात आपसूक फटींकडे जातो. मीही छतावरचं व्हेंट टेपनं बंद केलं, दाराखालच्या जाळीत जुना टॉवेल कोंबला आणि स्वतःवर खूश झालो. पंधरा दिवसांत गादी उचलली तर खालच्या फळीवर काळी बुरशी.

हिशोब साधा आहे. दोन माणसं झोपेत श्वासातून आणि घामातून मिळून अर्धा-पाऊण लिटर पाणी हवेत सोडतात. एक किलो गॅस जळला की सुमारे दीड किलो पाण्याची वाफ तयार होते. त्यात सकाळचा चहा, अंघोळीचं पाणी, आत वाळत घातलेला पंचा. आतली हवा वीस अंश आणि आर्द्रता साठ टक्के असेल, तर बारा अंशांखाली गेलेल्या प्रत्येक पृष्ठभागावर पाणी धरतं. नाशिकच्या पहाटे पत्रा आणि काच बाराच्या खूप खाली असतात. फटी बुजवल्या म्हणजे वाफेचा बाहेर जायचा रस्ताच बुजवला.

उपाय उलटा आहे. रात्री छतावरचं व्हेंट दोन बोटं उघडं ठेवा आणि खालची कायमची जाळी कधीच झाकू नका. थोडा गारवा येईल, त्यासाठी अंगावर गोधडी घ्या. आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं. साठीच्या वर आकडा गेला की समजायचं, आज पहाटे पुसापुशी आहे. गादी थेट फळीवर नको, खाली पट्ट्यांची जाळी किंवा निदान काथ्याची चटई हवी. रोज सकाळी गादी उभी करा. कपाटातले कपडे बाहेरच्या भिंतीला टेकवून रचू नका.

काचेला आतून चमकता फॉइल लावला तर काच आणखी गार होते आणि फॉइलमागे पाणी साठतं. पांघरूण काचेला बाहेरून हवं. विकतची पांघरुणं मिळतात, पण सौ.नं समोरच्या मोठ्या काचेवर बाहेरून घोंगडी टाकली आणि तिथला घाम जवळपास थांबला. दहिवर घोंगडीच्या वरच्या लोकरीवर राहतं, दहा वाजेपर्यंत वाळतं.

आता आपल्या बाजूची गोष्ट. युरोपात हिवाळ्यात बाहेरची हवाही ओलीच, म्हणून ते बिचारे यंत्र लावून हवा वाळवतात. नाशिकच्या हिवाळी दुपारी हवा खडखडीत कोरडी असते. अकरा ते चार सगळ्या खिडक्या, दार, कपाटं सताड उघडा आणि सूर्य कलण्याआधी बंद करा. आम्ही पहिल्या वर्षी धुळीच्या भीतीनं दुपारी बंद ठेवायचो आणि संध्याकाळी 'गार हवेसाठी' उघडायचो. नेमकं उलटं.

आत शेगडी ठेवणं

इथे विनोद नाही. कोळशाची शेगडी, निखाऱ्यांची घमेली, गॅसचा बर्नर 'जरा ऊब यावी' म्हणून पेटता ठेवणं, यांतलं काहीही बंद कॅरॅव्हॅनमध्ये करू नका. बाहेर शेकोटी घेऊन उरलेले निखारे आत आणायचा मोह सर्वांत वाईट, कारण निखारे धूर करत नाहीत आणि कार्बन मोनॉक्साइड मात्र सोडत राहतात. एलपीजीला वास असतो, कारण तो मुद्दाम मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही.

ओळखायचं कसं? दोघांचं डोकं एकाच वेळी जड होणं, मळमळ, चक्कर, आणि बाहेर आल्यावर बरं वाटणं. रात्री जेवण बाधलं असेल म्हणून पुन्हा झोपू नका. बाहेर या, दारं उघडा, १०८ ला फोन करा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म पलंगाच्या उशाशी लावा आणि महिन्यातून एकदा त्याचं बटण दाबून पाहा. जाळ्या उघड्या ठेवण्याचं मोठं कारण हेच आहे, बुरशी त्यानंतर.

पाणी दिसलं की गाडी लावणं

नदीकाठ, धरणाचं पाणी, समोर मावळता सूर्य: फोटो सुरेख येतो. पहाट मात्र वाईट जाते. निरभ्र रात्री जमीन झपाट्यानं गार होते आणि तिच्यावरची जड हवा उतारानं खाली सरकते. मावसभाऊ पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "दादा, खाली वढ्याकडं कशाला लावता? गार हवा पाण्यावानी असती, उतारानं येती अन् खळग्यात बसती." मी ऐकलं नाही. आठवड्यानं वरच्या बांधावर आलो, तेव्हा माझ्याच थर्मामीटरवर तीन अंशांचा फरक होता आणि धुई आमच्या पायाखाली पसरलेली होती.

जागा शोधताना तीन गोष्टी बघा: जमीन थोडी उंचावर, पूर्वेकडून ऊन लवकर येणारं, आणि वाऱ्याला आडोसा. आडोसा म्हणजे डेरेदार झाडाखाली मात्र नव्हे. चिंचेखाली लावलेल्या कॅरॅव्हॅनला दुपारपर्यंत ऊन लागत नाही आणि सोलर पॅनल उगाचच छतावर बसतं.

नाशिकचा खास धडा द्राक्षबागेचा. ऑक्टोबर छाटणीनंतर बागेत औषधांच्या फवारण्यांचा मोसम सुरू होतो, आणि ट्रॅक्टरच्या ब्लोअरचा फवारा बांध ओळखत नाही. बागेला खेटून राहायचं असेल तर मालकाला फवारणीचे दिवस विचारा, त्या वेळी खिडक्या बंद ठेवा आणि पाण्याची टाकी झाकलेली आहे ना ते बघा. कडाक्याच्या थंडीत मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागांमध्ये शेकोट्या पेटवून धूर करतात. तो धूरही खळग्यातच बसतो. त्याबद्दल तक्रार करू नये. बागवाल्याचं वर्षभराचं पीक आणि आपली चार महिन्यांची हौस यांत कुणाचं वजन जास्त हे उघड आहे.

राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण २०२१ सालचं आहे, आणि त्यात कॅरॅव्हॅन पार्कची कल्पना आहे. मुक्काम अख्ख्या मोसमाचा असेल तर मात्र ओळखीच्या माणसाची खासगी जागा आणि त्याची स्पष्ट परवानगी, हेच सोपं पडतं.

विहिरीच्या स्टार्टरवरून लाईट घेणं

मोटारीच्या पेटीतून दोन वायरी काढल्या की झालं, असं सांगणारा माणूस प्रत्येक वस्तीवर भेटतो. त्याचे आभार माना आणि नको म्हणा. शेतीच्या दराची वीज राहण्यासाठी वापरणं नियमात बसत नाही, हा एक भाग. दुसरा भाग जिवाचा. तीन फेजच्या लाईनवर न्यूट्रल सैल झाला तर २३० च्या जागी व्होल्टेज ४०० च्या दिशेनं चढू शकतं. आमचा चार्जर असाच गेला. चूक माझी, वायर मीच जोडली होती.

त्याहून मोठा धोका अर्थिंगचा. कॅरॅव्हॅन म्हणजे रबरी टायरांवर उभा असलेला धातूचा डबा. आत एखादी वायर सोलली आणि अर्थिंग नसेल तर अख्ख्या पत्र्यात करंट येतो. तुम्ही पहाटे अनवाणी, दहिवरानं भिजलेल्या गवतावर उभे राहून दाराची मूठ धरता. हाताला जराशा जरी झिणझिण्या आल्या तरी 'थंडीनं असेल' म्हणू नका. घराकडचं बटण बंद करा, प्लग काढा, मग शोधा.

लाईट घराच्या मीटरवरून घ्या. जवळ अर्थिंगचा रॉड, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) आणि व्होल्टेज कमी-जास्त झाल्यावर तोडणारं उपकरण इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. वायर अडीच चौरस मिलिमीटरची हवी, आणि तिचं भेंडोळं पूर्ण सोडवलेलं हवं. गुंडाळलेल्या वायरीवर हीटर चालवला की मधली वेटोळी तापून वितळतात. दीड हजार वॉटचा पाण्याचा रॉड आणि दोन हजारांचा ब्लोअर एकाच वेळी नको. आधी अंघोळ, मग ऊब.

पहाटे गॅस मंद झाला की सिलिंडर तापवणं

आपल्या घरगुती सिलिंडरमध्ये ब्यूटेन आणि प्रोपेनचं मिश्रण असतं. ब्यूटेन शून्याच्या आसपास वायू व्हायचं थांबतं, प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत होत राहतं. नाशिकमध्ये हवा सहसा शून्यावर जात नसली तरी मोठा बर्नर चालू असताना सिलिंडर स्वतःच गार होत जातो, बाहेरून ओला दिसतो आणि ज्योत बसते. अर्धा संपलेला पाच किलोचा छोटा सिलिंडर पहाटे सहाला हे हमखास करतो. त्याच्यावर उकळतं पाणी ओतू नका, त्याला शेकोटीजवळ नेऊ नका. बर्नर लहान करा, चहा आधी आणि अंघोळीचं पाणी ऊन आल्यावर. मोठा सिलिंडर वापरला तर हा त्रास फारसा होतच नाही.

सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी एक भोक असतं. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे गळला तर तिथून खाली निघून जावा, म्हणून ते ठेवलेलं असतं. उंदीर येतात म्हणून मी त्यात गोणपाटाचा बोळा घातला होता. सौ.नं तो पाहिला आणि विचारलं, "अहो, हे भोक कंपनीनं काय उगाच पाडलंय?" उंदरांसाठी बारीक जाळी लावा.

बॅटरीला दोष देणं

पहाटे दिवे मिणमिणतात, पंप कुंथतो, आणि आपण नवी बॅटरी घ्यायला निघतो. आधी तपासा. लेड-अ‍ॅसिड बॅटरी पूर्ण भरून दोन तास निवांत ठेवली की १२.७ व्होल्टच्या आसपास दिसली पाहिजे. १२.२ म्हणजे साधारण अर्धी, त्याखाली रोज उतरवलीत तर ती खरंच मरेल. थंडीत ती थोडी कमी देते, हेही धरून चाला.

बहुतेक वेळा चूक पॅनलची असते. नाशिक वीस अंश अक्षांशावर. डिसेंबरच्या ऐन दुपारी सूर्य दक्षिणेला फक्त ४६-४७ अंश वर येतो. छतावर सपाट पडलेल्या पॅनलला समोरून मिळालं असतं त्याच्या पाऊणपटच ऊन मिळतं. चाळीसेक अंशांनी दक्षिणेकडे तिरपं केलं की फरक त्याच दिवशी कळतो. वर धूळ आणि दहिवर मिळून चिखलाचा पापुद्रा बसतो. सकाळी दहिवर ओलं असतानाच फडकं मारा, पाणीसुद्धा लागत नाही.

बाकीचं थोडक्यात

खरकटं बाहेर ठेवू नका. खरकट्याला कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या. ऊसतोड सुरू झाली की निफाड-सिन्नरकडे तो उसातून बाहेर पडतो. स्वतःचं कुत्रं रात्री दाराशी बांधणं हा तर शुद्ध मूर्खपणा.

टॉयलेटची कॅसेट, म्हणजे खालची मैल्याची सुटी टाकी, ओढ्यात किंवा गोदावरीत रिकामी करू नका, सेप्टिक टँक असलेल्या संडासातच करा. त्यातलं औषध जीवाणू मारणारं असेल तर टाकीही बिघडते, त्यामुळे सेप्टिक टँकला चालणारंच घ्या.

बाहेरची ताडपत्रीची सावली रात्री गुंडाळा, पण सकाळी वाळवायला पुन्हा सोडा. ओली गुंडाळून ठेवली की आठवड्यात काळे ठिपके.

हिवाळ्यात पाऊस नसतो, यावर विसंबू नका. २०२३ च्या नोव्हेंबरअखेर निफाड भागात गारपिटीनं बागा झोडपल्या होत्या. दिवस-रात्र फुगून-आकसून छताच्या सांध्यातलं सीलंट चिरतं, ते मोसमाआधी बोट फिरवून तपासा. स्कायलाइटवर टाकायला एक जाड गोधडी हाताशी ठेवा.

कोपऱ्यांतले चार पाय कॅरॅव्हॅन हलू नये म्हणून असतात. त्यांच्यावर ती उचलू नका, वाकतात. जॅक वेगळा. महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर चाकांना लाकडी ठोकळे लावा आणि हँडब्रेक सोडा, नाहीतर दमटपणानं ब्रेक ड्रमला धरून बसतो. आमचा धरला होता. फेब्रुवारीत निघताना गाडी पुढे गेली, कॅरॅव्हॅनचं डावं चाक न फिरता मातीत नांगरासारखं ओढलं गेलं, आणि मावसभाऊ म्हणाला, "दादा, सरी चांगली पडली, कांदे लावू का?" दर दोन-तीन आठवड्यांनी चाक अर्धा फेरा फिरवा. टायरमधली हवा पहाटे तपासा, दुपारी नाही. वीस अंशांच्या फरकानं आकडा तीन-चार पीएसआय हलतो, आणि कंपनीनं सांगितलेलं माप गार टायरचं असतं.