शरीराचा सर्वाधिक कस लावणारे खेळ : नव्याने या वाटेवर येणाऱ्यांसाठी

तंदुरुस्ती प्रशिक्षक म्हणून काम करताना नव्याने खेळू लागलेल्या तरुणांकडून आणि या क्षेत्राचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांकडून एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो : शरीराचा सर्वांत जास्त कस कोणत्या खेळात लागतो? बहुतेकांनी या प्रश्नाचे उत्तर एखाद्या क्रमवारीत आधीच वाचलेले असते. २००४ साली ईएसपीएन या क्रीडावाहिनीने तज्ज्ञांच्या समितीकडून ६० खेळांचे गुणांकन करून घेतले होते. दमसास, ताकद, वेग, चपळता, लवचीकता, धैर्य अशा १० निकषांवर गुण दिले गेले आणि मुष्टियुद्ध पहिले, तर आइस हॉकी दुसरी आली. ती यादी अभ्यासण्याजोगी आहे. मात्र दहा निकषांची बेरीज करताना एका निकषावरील टोकाचा ताण दिसेनासा होतो, आणि नवख्याला नेमका त्या ताणाचाच अंदाज हवा असतो.

निरनिराळ्या खेळांतील खेळाडूंबरोबर काम करताना माझे मत हळूहळू एका कसोटीवर स्थिर झाले. श्रमाचा वेग खेळाडूच्या स्वतःच्या हातात आहे की दुसऱ्या कोणाच्या, हे मी प्रथम पाहतो. ज्या खेळात थकवा आल्यावर गती कमी करण्याची मुभा असते, तो कितीही दीर्घ असला तरी शरीराला स्वतःला सावरण्याची संधी देतो. ज्या खेळात वेगाची सूत्रे प्रतिस्पर्ध्याकडे किंवा सहकाऱ्यांकडे असतात, तिथे शरीर थकले तरी मागणी कमी होत नाही.

या कसोटीमुळे मॅरेथॉनसारख्या शर्यतींचे महत्त्व कमी होत नाही. ४२.१९५ किलोमीटर धावताना स्नायूंत आणि यकृतात साठवलेले ग्लायकोजेन, म्हणजे शरीराचा साखरेचा साठा, साधारण तिसाव्या किलोमीटरच्या आसपास संपत येते, शरीराला चरबीवर अधिक अवलंबून राहावे लागते आणि आधीचा वेग टिकवणे अतिशय अवघड होते. टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत २१ टप्प्यांत सुमारे ३,४०० किलोमीटर अंतर कापताना सायकलपटूला मधे केवळ दोन विश्रांतीचे दिवस मिळतात. डोंगराळ टप्प्यांवर इतकी ऊर्जा खर्च होते की पुरेसे खाणे आणि पचवणे हाच स्पर्धेचा एक भाग बनतो. हृदय व फुप्फुसांच्या क्षमतेचाच विचार केला, तर क्रॉस कंट्री स्कीइंगला, म्हणजे बर्फावरून लांब पल्ला पायांतील पट्ट्या आणि हातांतील काठ्यांच्या जोरावर कापण्याच्या खेळाला, मी सर्वांत वर ठेवतो, कारण त्यात पाय, पाठ आणि हात एकाच वेळी पूर्ण ताकदीने काम करतात. शरीर दर मिनिटाला, दर किलो वजनामागे जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकते याचे माप, म्हणजे व्हीओटू मॅक्स, निरोगी तरुण पुरुषात ४० ते ४५ मिलिलिटरच्या आसपास असते. अव्वल पुरुष स्कीपटूंमध्ये ते ८० च्याही पुढे जाते.

नौकानयनाविषयी, म्हणजे वल्ही मारून होणाऱ्या नावांच्या शर्यतींविषयी, थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण बाहेरून पाहणाऱ्याला त्यातील श्रमांची कल्पना येत नाही. २,००० मीटरची शर्यत नावेच्या प्रकारानुसार साधारण साडेपाच ते साडेसात मिनिटांत संपते. सुरुवातीच्या वेगवान फटक्यांतच शरीर ऑक्सिजनच्या पुरवठ्यापेक्षा अधिक ऊर्जा खर्च करून बसते, त्यामुळे मधला सगळा पल्ला साठत गेलेल्या थकव्यासह पार करावा लागतो आणि शेवटच्या काहीशे मीटरमध्ये वेग पुन्हा वाढवावा लागतो. प्रत्येक फटक्याला मांड्या, कंबर, पाठ आणि दंड यांची साखळी पूर्ण ताणली जाते. आठ जणांच्या नावेत एकाने जरी हात आखडता घेतला, तरी त्याचा भार उरलेल्या सात जणांवर पडतो आणि नावेची लयही बिघडते. लढत शरीरस्पर्शाशिवायची असूनही दीर्घ सरावाने नौकानयनपटूंच्या बरगड्यांना ताणामुळे सूक्ष्म तडे जातात, यावरून तो भार किती असेल हे समजून घ्यावे.

तरीही एकच नाव सांगायचे झाले, तर मी कुस्तीचे नाव घेतो. फ्रीस्टाइल कुस्तीत तीन तीन मिनिटांचे दोन डाव आणि मधे केवळ ३० सेकंदांची विश्रांती असते. या सहा मिनिटांत ताकद, स्फोटकता, लवचीकता आणि दम यांची मागणी एकदमच होते. पकड घट्ट ठेवताना मनगटापासून कोपरापर्यंतचे स्नायू सलग आकुंचित राहतात, त्यामुळे त्यांतील रक्तप्रवाह अडतो आणि ते इतर स्नायूंच्या आधी निकामी होऊ लागतात. समोरचा मल्ल त्याच क्षणाची वाट पाहत असतो. जो भार उचलायचा किंवा रोखायचा, तो स्वतः प्रतिकार करणारा असल्याने व्यायामशाळेतील कोणतेही वजन त्याची जागा घेऊ शकत नाही. यात भर पडते ती वजनगटासाठी वजन उतरवण्याची. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत महाविद्यालयीन स्तरावरील तीन कुस्तीगीर घाईघाईने वजन उतरवताना दगावले आणि त्यानंतर तिथले नियम कडक करण्यात आले. नव्याने कुस्तीत येणाऱ्याने पहिली काही वर्षे आपल्या नैसर्गिक वजनाच्याच गटात लढावे, आणि शरीरातील पाणी घालवून वजन कमी करण्याचा सल्ला कोणीही दिला तरी तो मानू नये, हे मी पूर्ण जबाबदारीने सांगतो.

मुष्टियुद्धाचा विचार मात्र वेगळा करावा लागतो. तीन मिनिटांच्या फेऱ्यांत सतत हालचाल, ठोसे आणि बचाव यांनी होणारी दमछाक कुस्तीच्या जवळपास जाणारी असली, तरी त्यात डोक्यावर बसणारा मार हा निराळ्याच जातीचा ताण आहे. स्नायू, हृदय आणि हाडे योग्य सरावाने अधिक भार पेलायला शिकतात. मेंदू ठोसे पेलायला शिकत नाही. म्हणून शारीरिक श्रमांसाठी मुष्टियुद्धाचा सराव करणे आणि प्रत्यक्ष लढतीत उतरणे हे दोन स्वतंत्र निर्णय मानावेत.

वॉटर पोलोकडे फार कमी लोकांचे लक्ष जाते. तळाला पाय टेकवण्याची परवानगी नसल्याने खेळाडू पूर्ण वेळ पाय फिरवून स्वतःला पाण्यावर धरून ठेवतो, आणि त्याच अवस्थेत प्रतिस्पर्ध्याशी झोंबतो, चेंडू फेकतो, पुन्हा पोहत परततो. जिम्नॅस्टिक्समध्ये दमापेक्षा सांध्यांवरचा आघात निर्णायक ठरतो. उंच कसरतीनंतर जमिनीवर उतरताना शरीराच्या वजनाच्या कित्येक पट बल घोट्यांवर आणि गुडघ्यांवर येते.

या तुलनेत एक गोष्ट सहज निसटते. खेळाची कठीणता लढतीच्या मिनिटांपेक्षा सरावाच्या वर्षांमध्ये अधिक साठलेली असते. दमसासाच्या खेळांतील अव्वल खेळाडू आपल्या सरावसत्रांपैकी साधारण ८० टक्के सत्रे कमी तीव्रतेची ठेवतात, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसले आहे. नवखे नेमके याच्या उलट वागतात. दररोज धाप लागेपर्यंत मेहनत केली नाही तर दिवस वाया गेला, असे त्यांना वाटते. पहिल्या काही आठवड्यांत रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, हृदय अधिक कार्यक्षम होते आणि दम वेगाने सुधारतो. कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्या) आणि हाडे यांना मात्र तेवढ्याच बदलासाठी काही महिने लागतात. दम सुधारला म्हणून भार दुप्पट करणाऱ्याच्या नडगीचे हाड आणि घोट्यामागची कंडरा सर्वांत आधी तक्रार करतात. त्यामुळे सुरुवातीचे तीन-चार महिने आपल्याला झेपते त्यापेक्षा थोडे कमीच करावे आणि वाढ केवळ एका बाबतीत करावी : एकतर अंतर, नाहीतर वेग, नाहीतर वजन.

काही लक्षणे अंगावर काढू नयेत. सकाळी उठल्यावर नाडीचे ठोके सलग काही दिवस नेहमीपेक्षा जास्त असणे, झोप उडणे आणि सरावाची इच्छाच न होणे, ही अपुऱ्या विश्रांतीची चिन्हे असू शकतात. स्त्री खेळाडूंची मासिक पाळी थांबणे हे कठोर मेहनतीचे प्रमाणपत्र नसून श्रमांच्या मानाने आहार अपुरा पडत असल्याचा इशारा असू शकतो, आणि त्याचे परिणाम हाडांपर्यंत पोहोचतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या ऊर्जेच्या तुटवड्याला स्वतंत्र नाव दिले आणि तो पुरुष खेळाडूंनाही होतो हे स्पष्ट केले. अतिश्रमानंतर लघवी गडद तपकिरी झाली, तर स्नायूंच्या पेशी फुटून मूत्रपिंडांवर ताण येत असण्याची शक्यता असते. अशा वेळी विश्रांती घेऊन वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे.

ज्यांना खेळाडू होण्याऐवजी तंदुरुस्ती प्रशिक्षक व्हायचे आहे, त्यांनी कोणत्याही क्रमवारीवर विसंबण्यापूर्वी आपल्या निवडीच्या खेळाच्या काही लढती हातात स्टॉपवॉच घेऊन पाहाव्यात. पूर्ण तीव्रतेचे श्रम किती सेकंद चालले, विश्रांती किती मिळाली, दिशा किती वेळा बदलली आणि शरीराची धडक किती वेळा झाली, याची नोंद करावी. आइस हॉकीत खेळाडू साधारण पाऊण ते एक मिनिट बर्फावर राहून बाकावर परततो. सेव्हन्स रग्बीत सात मिनिटांच्या दोन डावांत पूर्ण आकाराचे मैदान केवळ सात जण सांभाळतात. फुटबॉलपटू ९० मिनिटांत साधारण १० ते १२ किलोमीटर अंतर कापतो, पण त्यातील बरेचसे अंतर चालण्याचे आणि संथ धावण्याचे असते. या तिघांना एकच व्यायाम-आराखडा देणारा प्रशिक्षक किमान दोघांची तयारी चुकीच्या दिशेने करून घेत असतो, म्हणून आराखडा आखण्याचे काम या नोंदी हाती आल्यावरच सुरू करावे.