अर्जातील खासगी मतांचे प्रश्न कसे हाताळावेत

वाळूज किंवा शेंद्रा औद्योगिक वसाहतीतील नोकरीच्या अर्जात आरक्षण, आंतरजातीय विवाह अथवा राजकीय पक्ष यांविषयी मत विचारलेले आढळल्यास, तो रकाना सक्तीचा आहे का हे प्रथम तपासावे आणि नसल्यास सरळ रिकामा ठेवावा. सक्तीचा असल्यास ‘या पदाच्या कामाशी संबंधित नाही’ एवढेच लिहावे. खोटे मत लिहू नये, कारण मुलाखतीत त्यावरच उपप्रश्न येऊ शकतात. राखीव पदासाठी मागितलेला जातीचा तपशील मात्र द्यावाच लागतो. शासकीय नोकरीत केवळ धर्म, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभाव करण्यास संविधानाचा अनुच्छेद १६ मनाई करतो. खासगी कंपनीला तो लागू नसल्याने तेथे प्रश्नाचे प्रयोजन मनुष्यबळ विभागाला लेखी विचारावे (उत्तर बहुधा येत नाही, पण नोंद राहते).