ब्रेसेसचं रबर तुटायची वाट बघू नका, ते वेळेवर असं बदला

तारा लावून काही महिने झाले की डॉक्टर बारीक रबरांचं पाकीट देतात, वरच्या सुळ्यापासून खालच्या दाढेपर्यंत लावा म्हणतात, आणि बरेच जण एकच रबर तुटेपर्यंत दोन-दोन दिवस तसंच ठेवतात. रबर दिसायला अख्खं असतं पण त्याची ओढ कधीच कमी झालेली असते.

आधी पाकीट नीट वाचा. १/४ इंच लिहिलं असेल तर तो न ताणलेल्या रबराचा आतला व्यास, आणि ४.५ औंस म्हणजे साधारण १२८ ग्रॅमची ओढ, पण तीसुद्धा रबर व्यासाच्या तिप्पट, म्हणजे इथे १९ मिलिमीटरच्या आसपास ताणल्यावर. त्यामुळे मैत्रिणीच्या पाकिटातलं रबर उसनं घेऊ नका, तिचं माप वेगळं असू शकतं.

आता ओढ जाते कशी? रबर ताणलेलं राहिलं की त्यातले लांब रेणू एकमेकांवरून हळूहळू सरकतात, त्यात तोंडातली ऊब, आत मुरणारी लाळ, आणि बोलताना, जांभई देताना पुन्हा पुन्हा बसणारा ताण. लॅटेक्सच्या, म्हणजे झाडाच्या चिकापासून बनवलेल्या, रबराची बरीचशी घट पहिल्या एक-दोन तासांतच होते, मग वेग मंदावतो, तरी २४ तासांत साधारण पाव हिस्सा, कधी त्याहूनही जास्त ओढ गेलेली असते. सुरुवातीची घट डॉक्टरांनी धरलेलीच असते, म्हणून तासातासाला बदलायची गरज नाही, पण शिळं रबर दुसऱ्या दिवशी चालवणं खरंच नुकसानीचं आहे, कारण दात सरकायला सतत ओढ लागते.

सकाळी ब्रश झाला की हात धुवा, आरशासमोर उभं राहून एक टोक हूकला अडकवा, ते बोटाने धरून ठेवा आणि मग दुसरं टोक मागे ओढा. दोन्ही बाजू एकदमच बदला, नाहीतर एकीकडे नवी ओढ आणि दुसरीकडे जुनी असं होतं. जेवताना काढायला सांगितलं असेल तर जेवून झाल्यावर नवंच लावा, रात्री झोपताना तर नक्कीच, कारण तेवढे तास सलग मिळतात. दिवसातून किती वेळा बदलायचं ते तुमच्या डॉक्टरांनी सांगितलंय तेच पाळा.

लावायचं राहून गेलं तर भरपाई म्हणून दोन-दोन रबर अजिबात लावू नका, जास्त जोराने दात लवकर सरकत नाहीत, उलट दुखतात आणि मुळांनाही त्रास होऊ शकतो.

पाकीट उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, ऊन आणि हवेतल्या ओझोनने रबर वापरायच्या आधीच खराब होतं. चार-पाच रबर पर्समध्ये किंवा दप्तरात असू द्या, आणि पाकीट संपत आलं की पुढच्या अपॉइंटमेंटपर्यंत न थांबता फोन करून मागवून घ्या.

ओठांना खाज किंवा सूज आली तर रबर लगेच काढून डॉक्टरांना कळवा, लॅटेक्सची अ‍ॅलर्जी असू शकते, आणि श्वास घ्यायला त्रास होत असेल तर थेट हॉस्पिटल गाठा. लॅटेक्स नसलेले रबरही मिळतात, फक्त त्यांची ओढ सहसा लवकर उतरते, त्यामुळे ते जास्त वेळा बदलावे लागतात.