तोरणमाळला फुलं बघायला निघालात? मग या चुका टाळा

दरवर्षी सप्टेंबरात कोणी ना कोणी सातपुड्यातल्या तोरणमाळहून परत येतो आणि म्हणतो, काय भो, फुलं तर दिसलीच नाही! दिसणार कशी, डोक्यात साताऱ्याचं कास पठार घेऊन गेलेला असतो ना. कासला जांभ्या दगडाचा सपाट सडा आहे, वर मातीचा पातळ थर, झाडं उभी राहत नाहीत म्हणून तिथे फुलांचा गालिचा होतो. आपला सातपुडा काळ्या खडकाचा, सागाचं जंगल, त्यामुळे इथली फुलं रस्त्याच्या कडेला, गवताच्या उतारावर, दरडीच्या कपारीत. शहाद्याहून ६०-७० च्या स्पीडने गेलात तर सगळं हिरवंच दिसणार. घाट लागला की गाडी हळू करा, मागे कोणी असेल तर त्याला आधी जाऊ द्या.

दुसरी चूक वेळेची. धबधब्यासाठी जुलैत जाऊन तेरडा शोधत बसू नका, तेव्हा रानहळद आणि कळलावी बघा. तेरडा, कुर्डू भादव्यात, गौरी-गणपतीच्या आसपास. दिवाळीनंतर गवत पिवळं पडतं, मग डायरेक्ट फाल्गुनात पळस. आणि घरून दहाला निघून, शहाद्यात शेवभाजी खाऊन दुपारी पोचणारे तर भारीच, कारण केन्याची निळी फुलं दुपारपर्यंत मिटून जातात.

आता माझी स्वतःची चूक. घाटाच्या अलीकडे बांधावर तेरडा दिसला म्हणून गाडी पटकन डांबराखाली साइडपट्टीवर घेतली, आदल्या रात्री पाऊस झालेला, काळी माती, डावं चाक गेलं आत. मी जोरात रेस दिली तर अजूनच रुतली! तसं झालं तर रेस देऊ नका, चाक सरळ करा, पुढची माती हाताने उकरा, दगड किंवा गाडीतलं पायाखालचं मॅट चाकाखाली घाला आणि क्लच हळू सोडा. नाही निघाली तर ट्रॅक्टरवाला भाऊ आहेच. मुळात पट्टीवर मुरूम टाकलेला दिसला तरच उतरवा, आणि घाटात वळणावर तर अजिबात थांबू नका, फूल कितीही भारी असो.

कळलावी दिसली की पोरांना आधी सांगा, हात नको. पिवळी-लाल, ज्वाळेसारखी, सुरुवातीला पिवळसर हिरवी असते आणि नंतर लाल होत जाते, दिसायला एक नंबर, पण झाड पूर्ण विषारी, कंद तर फारच. काही लोक कुंडीत लावायला कंद उपटून नेतात, ते तर करूच नका. तेरडाही मुळासकट उपटू नका, तो एका वर्षाचाच, शेंग फुटून बी उडालं तरच पुढच्या पावसाळ्यात तिथे परत येतो. पोरांना पिकलेली शेंग नुसती हलकेच दाबू द्या, फट्कन फुटते, त्यांना हीच मजा जास्त वाटते.

फोटोत पिवळी फुलं पांढरी फटक येत असतील तर मोबाइलवर फुलावर बोट टेकवून उजेड कमी करा. वाऱ्याने हलत असतील तर आपलीच छत्री आडवी धरा. तोरणमाळच्या यशवंत तलावावर वारं जास्त असतं, तिथे याचा फार उपयोग होतो.